दारातून माघारी

खडकओहोळ हे बिद्रीच्या पुढचं, दूधगंगेच्या काठचं गाव. गावातल्या दूध संस्थेसमोर सिमेंटचा एक लांबलचक कट्टा आहे. सकाळचं दूध घालून झालं की रिकाम्या किटल्या बाजूला ठेवून माणसं त्या कट्ट्यावर टेकतात. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाची पोरगी कुठं दिली, कोण कुणाशी बोलत नाही, ह्या सगळ्या बातम्या तिथं येतात आणि तिखटमीठ लावून पुढं जातात. आपल्याकडं असा कट्टा कुठल्या गावात नाही?

त्या कट्ट्यावरचं मानाचं माणूस म्हणजे जोतीरामतात्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून धारदार. माणसांना नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. तसे ते मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिल्यांदा पोचणारे तेच, कुणाचं लग्न अडलं तर मध्यस्थीला जाणारेही तेच. पण कट्ट्यावरची माणसं हसायला लागली की तात्यांना चेव यायचा, आणि मग समोर कोण आहे, त्याच्या काळजाला काय लागेल, याचं भान राहायचं नाही.

संक्रांतीनंतर कट्ट्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, बंद पडलेल्या बालवाडीच्या खोलीला रंग लागला. सरकारी दवाखान्याकडून तिथं एक मदत कक्ष सुरू झाला. दारावर पाटी लागली : ‘मनाचा त्रास असो, व्यसनाचा त्रास असो, थेट आत या. चिठ्ठी नको, नंबर नको.’ पेठ वडगावकडच्या भैरवी नावाच्या परिचारिका तिथं रोज दहा ते पाच बसू लागल्या. गुरुवारी डॉक्टर यायचे. इतर दिवशी गरज पडली तर फोनवर असायचे.

पाटी लागली त्याच दिवशी तात्या कट्ट्यावरून मोठ्यानं म्हणाले, “आलं बगा गावात मेंदूचं गॅरेज!”

कट्टा खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव त्या खोलीला मेंदूचं गॅरेजच म्हणायला लागलं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई दारापर्यंत आली. तिचं बाळ दिवाळीत दगावलं होतं आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तात्यांनी कट्ट्यावरून हाळी दिली, “काय वैनी, सर्व्हिसिंगला काय?” बाईनं पदर पुढं ओढला आणि जणू गिरणीलाच निघाली होती अशी सरळ पुढं चालत गेली.

भैरवीनं हे पाहिलं. ती रस्ता ओलांडून कट्ट्यापाशी आली.

“तात्या, तुम्ही हितं बसू नका असं मी म्हणत न्हाय. पण माणूस माझ्या दारात आला की तेवढं बोलू नका.”

“आवं मॅडम, चेष्टा केली. गावात चेष्टाबी करायची न्हाय का?”

“पाय मोडलेला माणूस दवाखान्यात चालला तर त्याला हसता का तुम्ही?”

“मोडलेला पाय दिसतोय की वो!”

“हे दिसत न्हाय, म्हणूनच जास्त अवघड हाय,” भैरवी म्हणाली. “पाय मोडला तर चार माणसं उचलून नेत्यात. ह्यात माणसाला एकट्यानं यावं लागतं. घरातनं हितवर यायलाच त्याचं सगळं बळ सरलेलं असतं, तात्या. दारात त्याला फुंकर मारली तरी तो माघारी फिरतोय.”

“बरं बरं, न्हाय बोलत,” असं तात्या म्हणाले खरे. पण मॅडमची पाठ वळताच त्यांनी तिची हुबेहूब नक्कल करून दाखवली.

गुंडू हा तात्यांच्या चुलतभावाचा मुलगा. वय चौतीस. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. अंगानं दणकट आणि कामाला वाघ. घरात आई अंबूबाई, बायको तेजस्वी आणि सहा वर्षांची प्रियदर्शनी. बाप लहानपणीच गेल्यामुळं गुंडूला तात्यांचा धाक होता आणि ओढही होती. ट्रॅक्टरवर जागरणं पडू लागली तशी दारू सुरू झाली. आधी थकवा घालवायला, मग झोप यायला, आणि गेली दोन वर्षं तर सकाळी हात थरथरू नयेत म्हणून. पहिली पोटात गेल्याशिवाय त्याला चहाची कपबशी धरता येत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी उसानं भरलेली त्याची ट्रॉली कॅनॉलच्या कडेला घसरली. एक चाक हवेत. खालच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया भाकरी खात बसल्या होत्या. ट्रॉली कशीबशी थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण गुंडू खाली उतरला तो मातीतच बसला.

घरी आल्यावर तो तेजस्वीला म्हणाला, “आज सात-आठ बाया माझ्या हातनं मेल्या असत्या गं. मला हे सोडायचंय. माझ्यानं एकट्यानं व्हयाचं न्हाय.”

“त्या मॅडमकडं जावा की. मी येऊ?”

“नगं. मीच जातो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो निघाला. धुतलेला शर्ट घातला होता. कट्ट्यासमोरून मान खाली घालून गेला, कक्षाच्या पायरीवर उभा राहिला आणि पायातल्या चपला काढल्या. आत भैरवी रजिस्टर लिहीत बसली होती. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

“आरं गुंड्या! तूबी व्हय?”

गुंडूनं मागं वळून पाहिलं. कट्ट्यावर सात-आठजण होते. सगळे त्याच्याकडं बघत होते.

“न्हाय... जरा इचारायला आलतो, तात्या.”

“काय इचारतोस? दारू कशी सोडायची? लेका, गड्याच्या जल्माला आलास आणि दारू सोडायला बाईचा पदर धरतोस? तुझ्या बापानं एका दमात बिडी सोडली हुती, मरंस्तवर शिवला न्हाय! मनात आणलं की संपलं. जा घरी, आन् सोडून दाव!”

कट्टा हसला. गुंडूही हसला. असं हसणं आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं; ज्याला रडू येत असतं तो असा हसतो. त्यानं चपला घातल्या.

“सोडतोच बगा,” तो म्हणाला, आणि घरी गेला.

त्यानं खरंच सोडली! त्याच दिवसापासून थेंब घेतला नाही. घरातली बाटली त्यानं तेजस्वीसमोर उकिरड्यावर फोडली. पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळं अंग कापायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. प्रियदर्शनीला त्यानं ओळखलं नाही. पोरगी भेदरून शेजारी पळाली.

तेजस्वी म्हणाली, “आत्ती, हे काय साधं न्हाय. मी मॅडमला घिऊन येतो.”

“थांब बाई,” अंबूबाई म्हणाली. “आदी तात्यांस्नी बोलवू. घरात बाप्या माणूस न्हाय.”

तात्या लगेच आले. त्यांनी गुंडूला पाहिलं. त्याचे डोळे तारवटलेले, दातखिळी बसल्यासारखी, अंगातून घामाच्या धारा. क्षणभर ते उंबऱ्यातच थबकले. पण भीती वाटते असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

“काय न्हाय वैनी. दारू उतरायलीया. आंगातलं इष भायेर पडतंय. दोन दिसांत गडी ताठ हुतोय बगा. खोलीत ठेवा, दार लावून घ्या, म्हंजे कुठं पळायचा न्हाय.”

“तात्या,” तेजस्वी हात जोडून म्हणाली, “मी मॅडमला नुसतं इचारून येऊ? हितं तर हाय, दोन मिंटं लागत्यात.”

“आन् उद्या गावभर व्हईल, गुंड्याला याड लागलं म्हणून! ट्रॅक्टरवर कोण घील त्याला? पोरीचं नाव खराब हुईल. गप बस.”

आणि तात्यांनी स्वतःच्या हातानं खोलीची कडी घातली.

तेजस्वी उंबऱ्याशी बसून राहिली. आतून गुंडू कुणाकुणाशी बोलत होता, मधेच ओरडत होता. एक वाजण्याच्या सुमाराला काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला आणि मग बोलणं थांबलं. तिनं कडी काढली. गुंडू जमिनीवर पडला होता. सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं, तोंडाला फेस आला होता.

मग मात्र तिनं कुणाला विचारलं नाही! तशीच अनवाणी, उन्हात, कट्ट्यासमोरून ती पळत सुटली.

गुंडूनं दारू सोडल्याचं वाटेतच ऐकत भैरवी तिच्या मागोमाग धावत आली. तिनं गुंडूला कुशीवर वळवलं, मान सैल केली, एका हातानं रुग्णवाहिकेला फोन लावला. “कदीपासनं बंद केलीया ह्यानं? रोज पिणाऱ्याला असं एकदम बंद करायला कुणी सांगितलं?”

तात्याही कट्ट्यावरून धावत आले होते आणि गुंडूच्या पायाशी बसले होते. त्यांच्या हातात गुंडूचे तळपाय होते, आणि ते गार पडत चालले होते.

रुग्णवाहिका आली. गाडीत त्याला पुन्हा आकडी आली. बिद्रीचा फाटा यायच्या आत गुंडू गेला.

“दारूनं मेला,” गाव म्हणालं. मयताला आलेला प्रत्येकजण तेच म्हणाला. तात्याही पहिले चार दिवस तेच म्हणत होते. तसं म्हणायला सोपं होतं. दारूवर ठपका ठेवला की दुसऱ्या कुणाकडं बघायला नको.

दहाव्याचं उरकून तात्या घरी आले तेव्हा त्यांची बायको तानाबाई चुलीपुढं बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

“एक इचारू? खरं सांगा,” ती म्हणाली. “गुंडू त्या खोलीच्या पायरीवर गेलता. चपला काढल्या हुत्या त्यानं. तुमी त्याला माघारी फिरवलासा, हे खरं हाय?”

“कोण बोललं तुला?”

“कोण बोललं ते सोडा. व्हय का न्हाय?”

तात्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

“चेष्टा केलती गं,” ते म्हणाले.

तानाबाई उठून मागच्या परड्यात गेली आणि त्या दिवशी परत त्यांच्याशी बोलली नाही.

त्यानंतर तात्यांचं जेवण तुटलं. डोळा लागला की कडी घातल्याचा आवाज यायचा आणि ते दचकून उठायचे. कट्ट्यावर जायचे आणि समोरच्या पाटीकडं बघत बसायचे. एका सोमवारी भरदुपारी, कट्ट्यावर कोण आहे हे न बघता, त्यांनी रस्ता ओलांडला आणि त्या खोलीत पाऊल टाकलं.

भैरवीनं खुर्ची पुढं केली. तात्या बसले नाहीत.

“मॅडम, त्यादिशी त्यो आत आला असता तर जगला असता?”

कुणी मायाळू माणूस खोटं बोललं असतं. भैरवीनं रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं.

“नक्की जगला असता असं मला छातीवर हात ठिवून सांगता यायचं न्हाय. पण ज्यानं मेला ते टाळायची औषधं हायत, तात्या. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की मेंदू खवळतोय. म्हणून दवाखान्यात ठिवून, औषध चालू करून, आठ-दहा दिवस नजरंखाली सोडवायची असती. सकाळी हात थरथरत्यात एवढं जरी त्यानं मला सांगितलं असतं, तर मी त्याला घरी एकटा सोडलाच नसता.”

तात्या खाली बसले. खुर्चीवर नव्हे, जमिनीवरच.

“मी मारलं त्याला.”

“तुम्ही एकट्यानं न्हाय,” भैरवी म्हणाली. “मी खिडकीतनं बघितलं हुतं त्याला. चपला काढलेल्या बघितल्या, परत घातलेल्या बघितल्या. मला वाटलं, आज न्हाय तर उद्या यील. मी उठून दारात गेले न्हाय. आता कुणाची सावली जरी पडली तरी मी उठते. पण ते गुंडूच्या काय उपेगाचं?”

मग तात्या दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. चेष्टा करणाऱ्या माणसाला रडताना भैरवीनं पहिल्यांदाच पाहिलं. तिनं त्यांना पाणी दिलं, आणि गुरुवारी डॉक्टर येतील तेव्हा या, असं सांगितलं. त्या गुरुवारी ते गेले. तेव्हापासून दर गुरुवारी जाऊ लागले.

एप्रिलात ग्रामसभा भरली. सरपंच विजयसिंह यांच्याकडं एक अर्ज आला होता : हा कक्ष गावातून हलवावा. पै-पाहुणे विचारतात, तुमच्या गावात वेडे जास्त आहेत का म्हणून! आणि ती बाई आल्यापासूनच गुंडूसारखा तरणा गडी गेला, असंही त्यात लिहिलं होतं. शंभरावर सह्या होत्या. गुंडूच्या भावकीतला वडीलधारा माणूस म्हणून पहिल्या सहीची जागा तात्यांसाठी मोकळी ठेवली होती.

“तात्या, या. तुमची सही झाली की ठराव घेतो,” सरपंच म्हणाले.

तात्या उठले. पेन हातात घेतलं नाही. गावाकडं तोंड करून उभे राहिले.

“मॅडम आली म्हणून गुंडू गेला, असं लिवलंय ह्यात. हे खोटं हाय! गुंडू माझ्यामुळं गेला.”

“तात्या, बसा खाली,” कुणीतरी म्हणालं. “दुःखात हायसा तुमी.”

“न्हाय बसत. ऐका! त्यो त्या पायरीवर उभा हुता. चपला काढून उभा हुता. वाचवा म्हणायला आलता बिचारा. मी कट्ट्यावरनं त्याला हाळी मारली, गड्याच्या जल्माला आलास का म्हणून इचारलं. तुमी हसलासा. त्यो माघारी गेला. तिसऱ्या दिशी त्याची बायको माझ्यापुढं हात जोडत हुती, मॅडमला आणू द्या म्हणून. मी गप बस म्हणालो. कडी मी घातली, ह्या हातानं! दारू त्याचा आजार हुता. त्याला इलाज हुता, आन् त्यो रस्त्याच्या पल्याड हुता. आमी मधी बसलोतो.”

कट्ट्यावरची सात-आठ माणसं खाली बघत होती.

तात्या बायकांच्या बाजूला वळले. तिथं अंबूबाईच्या शेजारी तेजस्वी बसली होती. “पोरी, मी तुझा गुन्हेगार हाय. काय बोलायचं ते बोल.”

तेजस्वी सावकाश उठली. दोन महिन्यांत ती निम्मी झाली होती.

“तुमचं रडणं मला नगं तात्या,” ती म्हणाली. “माफ केलं असंबी मी म्हणायची न्हाय, कारण केल्यालं न्हाय. कदी जमंल, तेबी ठावं न्हाय. पर ती खोली हितनं हलवू नगा. मी मंगळवार-शुक्रवार जातो तिकडं. पोरीला घिऊन हिरीत उडी टाकावी असं रोज वाटत हुतं. मॅडमनं ऐकून घेतलं, म्हणून आज हितं उभी हाय. ज्यास्नी लाज वाटती त्यांनी दुसऱ्या वाटंनं जावं.”

ती बसली. अंबूबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. सरपंचांनी अर्ज दुमडला आणि ते म्हणाले, “ठराव बारगळला.” कुणीही हरकत घेतली नाही.

मंडळी, गुंडू परत आला नाही. त्याच्या घरचं दुःख हटलं नाही. तात्या आणि तेजस्वी एका गल्लीत राहतात. अजून ती त्यांच्याशी बोलत नाही, आणि तात्याही तिला बोल म्हणत नाहीत. एवढंच झालं, की बाळ गेलेली ती बाई मे महिन्यात कक्षात गेली. कट्ट्यावर माणसं होती. कुणी हसलं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या घरात एखाद्या माणसाचे हात सकाळी थरथरत असतील तर त्याला कोंडून, शपथा घालून, मर्दपणा काढून दारू सोडवू नका. डॉक्टरकडं न्या. कुणाचं मन जगण्यावरून उडालं असेल तर त्याचं ऐका आणि त्याच्यासोबत चालत जा. आणि मदत मागायला निघालेलं माणूस रस्त्यात दिसलं, तर निदान हसू नका. मदतीचं दार उघडं असून भागत नाही. तिथवरची वाट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि ती मोकळी ठेवणं आपल्याच हातात असतं. खडकओहोळला एवढं शिकायला एक तरणा माणूस गमवावा लागला. तुमच्या गावावर ती वेळ येऊ देऊ नका!